दसऱ्याचं काडतूस

"आधी नळी भिंतीकडे करा," मी म्हटलं. पुंडलिकबाब गावस यांनी गोणपाटातून बंदूक काढून काउंटरवर ठेवली होती आणि तिचं तोंड नेमकं माझ्या पोटाकडे होतं.

"रिकामी आसा ती, मेस्त," ते म्हणाले. नळी तिथंच. शेवटी मीच बाजूला सरकलो आणि हातानं ती भिंतीकडे वळवली.

डिचोलीत माझं बंदूक दुरुस्तीचं दुकान आहे, रीतसर लायसन्सवालं. इतक्या वर्षांत मला सगळ्यात जास्त घाबरवलंय ते 'रिकामी आसा' या दोन शब्दांनी. हे म्हणणारा माणूस कधीच बंदूक उघडून दाखवत नाही. आणि पुंडलिकबाबांची तर उघडतच नव्हती, म्हणून ते आले होते.

ही एकनळी, बारा बोअरची बंदूक. वरचा खटका दाबला की मध्ये मोडते, म्हणजे दुमडून उघडते, आणि नळीचं मागचं तोंड दिसतं. त्यात काडतूस बसतं. काडतुसात दारू आणि शिशाचे छरे. बार काढला की छरे पसरत जातात, त्यामुळे नेम एकावर धरला तरी शेजारच्यालाही लागू शकतात. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. प्रत्येक जण मान डोलावतो.

लाटंबार्सेत पुंडलिकबाबांचं शेत आहे. भात कापल्यावर त्यात अळसांदे, म्हणजे चवळी लावलेली. मेरू, म्हणजे सांबर, येऊन ती फस्त करत होते. बंदूक आजच्या आज हवी होती.

मी म्हटलं, शेतीरक्षणाचं लायसन्स आहे म्हणून सांबर मारता येत नाही. तो गुन्हा आहे, जेलमध्ये जाल.

"मी खंय मारतंय? नुसतो भेश्टायतंय," ते म्हणाले. म्हणजे नुसतं घाबरवतो.

गेल्या वर्षी घाबरवायला नळी कुठं धरली होती, हे विचारलं. तर मेरवाकडेच. मेरवाच्या मागं काय असतं? काजूची बाग. तिथं सकाळी बायका बोंडू वेचतात. मी कपाळाला हात लावला. पुंडलिकबाबांनी विषय बदलला आणि घरी केलेले उपाय सांगितले. आधी कोयत्याच्या मुठीनं खटका ठोकला. मग पुढून नळीला डोळा लावून आत पाहिलं.

"काय दिसलं?"

"काळोख. म्हणजे रिकामी."

बंद बंदुकीच्या नळीत पुढून काळोखच दिसणार. काडतूस असलं तरी आणि नसलं तरी. त्यानंतर त्यांनी वरून छत्रीची काडी घालून ढोसलंही होतं. मला माझ्याच खुर्चीत बसावंसं वाटेना.

आमच्या भागातली एक गोष्ट मला ठाऊक होती, म्हणून विचारलं, "दसऱ्याला पूजा केली होती?"

केली होती. आणि त्यांच्या घरची रीत अशी, की रिकामं हत्यार पुजायचं नाही. रिकामं ताट पाटावर मांडत नाहीत, तसंच ते. म्हणून पूजेआधी काडतूस भरायचं आणि नंतर काढायचं.

"मग काढलं?"

"काडलां आसतलां."

"कोणी?"

"बायलेन."

मी त्यांच्याच फोनवरून वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी हळद-कुंकू लायलां, फूल घातलां. बंदुकेक हात लावणां माजां काम न्हय. काडतूस तेंनीच काडलां आसतलां."

दोघांनीही 'आसतलां'वर, म्हणजे 'असेल'वर, संसार चालवला होता. फोन चालूच ठेवून काउंटरवर ठेवला. दुकानातल्या लोकांना रस्त्यापलीकडे घालवलं, पुंडलिकबाबांनाही. मागच्या खोलीत माझी वाळूची पेटी आहे. बंदूक शिकंज्यात पकडली, नळीचं तोंड वाळूत केलं, सांध्यात तेल सोडलं आणि थांबलो. इथं ठोकाठोक करायची नसते. पुन्हा तेल, पुन्हा थांबणं. पाठीवरून घाम ओघळत होता आणि माझा राग काही उतरत नव्हता. अखेर बंदूक कुरकुरत मोडली.

काडतूस आत होतं. भरलेलं. दमटपणानं पितळी बुडाला हिरवा गंज चढून ते घट्ट अडकलं होतं. हीच बंदूक पुंडलिकबाब भरलेल्या बसमधून, दोन गुडघ्यांत उभी धरून घेऊन आले होते.

काडतूस काढलं आणि पुंडलिकबाबांना आत बोलावून दाखवलं. फोनवर वहिनी अजून होत्या. मी त्यांना सांगितलं, आणि बंदूक घरात कुठं असते ते विचारलं. खुंटीवर, आडवी. तिचं तोंड कुठं?

वहिनी फोन घेऊन खुंटीपाशी गेल्या. मग त्या म्हणाल्या, "थंय माजी रांदचीच जागा. दसऱ्यापासून मी तिच्या तोंडासमोर भाकऱ्यो थापतंय." आणि लगेच विचारलं, "भावा, ती तुमच्याकडेच र्‍हावंक शकता?"

राहू शकते. लायसन्सवाल्या दुकानात बंदूक रीतसर जमा करता येते. पुंडलिकबाब म्हणाले, मेरवाचं काय? वहिनींनी ते ऐकलं आणि सांगितलं, शेतात पत्र्याचा डबा बडवायला त्या स्वतः जातील.

बंदूक अजून माझ्याकडे आहे, उघडून ठेवलेली. यंदाच्या दसऱ्याला ते फुलं घेऊन आले. मी नळीचं मागचं तोंड त्यांच्यासमोर धरलं, आरपार उजेड दाखवला आणि मगच हळद-कुंकू लावू दिलं. देव कोपला नाही. बंदूक रिकामी असल्याचं तोंडानं सांगू नये, उघडून दाखवावं. आणि नवरा-बायकोनं एकमेकांवर खुशाल भरवसा ठेवावा, फक्त काडतुसाच्या बाबतीत ठेवू नये.