कमांडरची जागा

श्रीनिवासराव ओगल्यांना त्यांच्या बायकोने उभ्या जन्मात कधी नावाने हाक मारली नाही. लग्न होऊन लंडनच्या इल्फर्डला आल्यावर लीलावतीबाई पहिली काही वर्षं ‘अहो’ म्हणत. मग दर शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर ती अवकाशयानाची मालिका लागायला लागली आणि यानाच्या कप्तानावरून ‘अहो’चं ‘कमांडर’ झालं. मालिका कसली, धन्य प्रकार! यानाच्या भिंती पुठ्ठ्याच्या. कुणी दार जरा जोरात लावलं की अख्खं यान थरथरायचं. दर आठवड्याला नवा ग्रह, आणि प्रत्येक ग्रह म्हणजे तीच ती खडीची खाण. “कमांडर, हा मागच्या शनिवारी ह्याच दगडाला अडखळला होता की!” म्हणून बाई खिदळायच्या. पण खिदळत का होईना, इंग्रजी त्या ह्याच मालिकेवर शिकल्या. भाजीवाल्या गोऱ्याला “स्टँड बाय” म्हणून पर्स उघडणारी बाई इल्फर्डने तेवढीच पाहिली असेल.

श्रीनिवासराव बस चालवायचे. ड्यूटीवरून येऊन सोफ्याच्या खिडकीकडच्या कोपऱ्यात टेकले, की “कमांडर, चहा,” म्हणत कप पुढे यायचा. एका संक्रांतीला मंडळातल्या बायकांनी लीलावतीबाईंना हळदीकुंकवात घेरलं, नाव घ्या म्हणून. त्यांनी पदर सावरला आणि ठणकावून सांगितलं:

“चंद्रावर नाही हवा, मंगळावर नाही पाणी,
श्रीनिवासरावांचं नाव घेते, मी यानाची राणी!”

बायका हसून लोळल्या. शेजारच्या खोलीत पुरुषांमध्ये बसलेले श्रीनिवासराव कानापर्यंत लाल झाले. बायकोच्या तोंडून आपलं नाव त्यांनी पहिल्यांदा ऐकलं ते त्या दिवशी.

आता ती मालिका क्लासिक झाली आहे. एडिनबराहून आसावरीने, त्यांच्या लेकीने, सगळे भाग डीव्हीडीवर पाठवले, तेव्हा आईला विसरायला होतंय हे नुकतं कळलं होतं. आधी चष्मा, मग गॅस, मग इंग्रजी, असं एकेक गेलं. नोव्हेंबरात तर बाई सपाता घालून, स्वेटरशिवाय घराबाहेर पडल्या, रस्त्यात पडल्या आणि खुबा मोडून घेतला. ऑपरेशन झालं. हाड जुळलं, पण घरी सोडायचं की म्हाताऱ्यांना कायमचं सांभाळणाऱ्या नर्सिंग होममध्ये पाठवायचं, हा प्रश्न उभा राहिला.

“बाबा, बी रिअलिस्टिक,” आसावरी फोनवर रडत म्हणाली. “तुम्ही एटी-वन आहात. तुम्ही एकटे कसं मॅनेज करणार?”

“करीन मी. माझं माणूस मी परक्यांच्या हातात देणार नाही.”

बोलले खरे, पण फोन ठेवल्यावर त्यांनी स्वतःपुरता भातही लावला नाही. रिकाम्या घरात त्यांना जेवण जात नव्हतं. देव्हाऱ्यातला दिवा लावायचंही त्यांनी सोडून दिलं होतं. रुसलेच होते ते देवावर.

कौन्सिलकडून, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडून, सारा नावाची सोशल वर्कर हॉस्पिटलच्या वॉर्डात आली. पोरगी वाईट नव्हती. तिचं म्हणणं सरळ होतं: लीलावतीबाईंनी नवऱ्याला ओळखलं नाही, तर घरात परका पुरुष आहे म्हणून त्या घाबरतील आणि पुन्हा रस्त्यावर पळतील. ओळख आहे, एवढं तिला पाहायचं होतं. भाषेसाठी फोनवर एक मराठी दुभाषी बाई होत्या.

“तुमच्या मिस्टरांचं नाव काय?” फोनमधून प्रश्न आला.

लीलावतीबाईंनी मान खाली घातली आणि ब्लँकेटची कड डोक्यावर ओढली. पुन्हा विचारलं, तरी तेच. साराचा चेहरा उतरला.

श्रीनिवासराव घाईने पुढे झाले. “आमच्यात नाव नाही घेत नवऱ्याचं! विचारा ना ह्यांना! तिला येतं, ती घेत नाही!” दुभाषी बाईंनीही दुजोरा दिला. सारा हळूच म्हणाली, “मला पटतं. पण मला काहीतरी तिच्याच तोंडून ऐकायला हवं.”

मग त्या म्हाताऱ्याने पलंगाशी गुडघे टेकले. दुखऱ्या गुडघ्यांची पर्वा केली नाही, बघणाऱ्यांचीही केली नाही. “लीला, एकदाच. पाया पडतो तुझ्या. चंद्रावर नाही हवा…”

बाईंनी ब्लँकेटची कड सावरली. “मंगळावर नाही पाणी,” त्या म्हणाल्या, आणि पुढे एका दमात, “श्रीनिवासरावांचं नाव घेते, मी यानाची राणी!”

फोनमधल्या बाई खळखळून हसल्या आणि साराला सगळं समजावून सांगू लागल्या. श्रीनिवासराव ढसाढसा रडत होते. पण एक गोष्ट त्यांनी पाहिली होती. नाव घेताना लीलावतीबाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या वॉर्डाच्या दाराकडे बघत होत्या, कुणीतरी यायचं असावं तशा.

“म्हणजे ती ओळखते तुम्हाला?” साराने विचारलं.

“ऑफ कोर्स,” श्रीनिवासराव म्हणाले, आणि पाहिलेलं गिळून टाकलं.

शनिवारी बाई घरी आल्या. कौन्सिलने दिलेली मदतनीस त्यांना सोफ्यावर बसवून, शाल पांघरून गेली. श्रीनिवासरावांनी आल्याचा चहा केला, देव्हाऱ्यात दिवा लावला, पहिल्या भागाची डीव्हीडी घातली. पुठ्ठ्याचं यान थरथरलं, बाई हसल्या. त्या हसण्याने त्यांना इतकं भरून आलं की ते घाईघाईने येऊन आपल्या कोपऱ्यात टेकले.

लीलावतीबाई दचकल्या. शाल छातीशी घट्ट धरून दाराकडे बघू लागल्या. चालताना धरायचा वॉकर पलीकडेच होता. “इथे नका बसू हो,” त्या घाबऱ्या आवाजात म्हणाल्या. “आमच्या ह्यांची जागा आहे ती. ड्यूटीवरून येतीलच आता.”

श्रीनिवासराव चटकन उठले. डायनिंगची खुर्ची ओढून लांब, दाराजवळ बसले. त्यांना वाटलं, ओरडून सांगावं. पण एक शब्द चढ्या आवाजात निघाला असता तर ती पळाली असती. त्या नवख्या माणसाने शहाण्यासारखं ऐकलं, म्हणून बाईंच्या जिवात जीव आला.

“रागावू नका हं,” त्या म्हणाल्या. “चहा घ्या. हे आले की ओळख करून देते. बसाल ना तोवर?”

श्रीनिवासरावांनी स्वतःच केलेल्या चहाचा कप हातात घेतला.

“बसतो, वहिनी,” ते म्हणाले.