पुणे–दिल्ली, दीड तास

"साहेब, लिमयेबाईंचं उद्याचं तिकीट बदलायला हवं," मंगलाबाई म्हणाल्या. शनिवार पेठेतल्या माझ्या ट्रॅव्हल एजन्सीत बुकिंग त्या बघत. लिमयेबाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. सिलिगुडीला त्यांचा भाऊ अत्यवस्थ होता.

पुण्याहून दिल्ली, तिथून बागडोगरा, म्हणजे सिलिगुडीचा विमानतळ. कंपन्या दोन, तिकिटंही वेगळी. म्हणजे दिल्लीत बॅग घ्यायची आणि दुसऱ्या काउंटरवर पुन्हा द्यायची. मध्ये दोन तास होते. आदल्या दिवशी मेसेज आला, पुण्याची फ्लाइट पन्नास मिनिटं उशिरा. उरली सत्तर मिनिटं. काउंटर तासभर आधी बंद होतो.

"हातात दहा मिनिटं," मंगलाबाई म्हणाल्या. "उद्या सकाळी पुण्याहून कोलकात्यामार्गे सीट आहे. करू?"

माझ्या मागे भिंतीवर नकाशा होता. त्यावर दोरा ताणून अंतर सांगायची मला हौस. मी दोरा ताणला.

"बाराशे किलोमीटर. ताशी आठशे धरा. दीड तास. टाइमटेबलमधले सव्वादोन तास म्हणजे कंपन्यांची सोय. विमान लवकर पोचतं."

"साहेब, दोऱ्याला रनवेवर रांग लागत नाही."

"अहो, तीस वर्षं हेच करतोय मी."

टाइमटेबलमधली वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, दिल्लीवर घिरट्या, सगळं त्यात येतं. हे मला ठाऊक होतं. पण मंगलाबाईंनी चूक दाखवली, तेच मला लागलं. तिकीट तसंच ठेवलं.

विमान मेसेजमधल्या नव्या वेळेलाच उतरलं, लवकर नाही. बॅग येईपर्यंत काउंटर बंद झाला होता. त्या दिवशी पुढे फ्लाइट नव्हती. लिमयेबाई दुसऱ्या दिवशी दुपारी पोचल्या. भाऊ पहाटेच गेला होता.

परतल्यावर त्या ऑफिसात आल्या. "हे बुकिंग कोणी पाहिलं?"

मी फक्त मंगलाबाईंच्या टेबलाकडे पाहिलं.

"शाळेत असता, तर पुन्हा चौथीत बसवलं असतं तुम्हाला," लिमयेबाई त्यांना म्हणाल्या. मंगलाबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. महिनाअखेरीस त्यांनी नोकरी सोडली. मी थांबवलं नाही.

यंदा एजन्सी बंद केली, नकाशा काढला. भिंतीवर पांढरा चौकोन उरला. तो बघवेना, म्हणून गेल्या महिन्यात लिमयेबाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी मग उठून चपला घातल्या.

"मला काय सांगता? मी ज्यांना बोलले त्यांच्याकडे चला."

कसबा पेठेत मंगलाबाईंनी दार उघडलं. लिमयेबाईंनी हात जोडले. "माझं चुकलं हो. तुम्ही बरोबर होतात, हे यांनी आज सांगितलं."

मंगलाबाई माझ्याकडे वळल्या. "आज?"

"हो."

"बसा. चहा टाकते."

माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

शनिवार पेठेतून त्यांचं घर चालत पंधरा मिनिटांवर आहे. मला सहा वर्षं लागली.