शालिकची उजेडाची पेटी

शालिक गेल्याचं शेजारच्या किराणावाल्यानं रस्त्यातून ओरडून सांगितलं, अन् मी हातातला सदरा शिवतच राहिलो. मशीन थांबवायचं सुचलंच नाही. महिना झाला, अजून काही सुचत नाही...

धामणगाव बढ्यात माझं शिवणाचं दुकान, समोर शालिकचं बिजलीच्या सामानाचं. गावात वीज नवीनच आलेली. अकोल्याला त्यानं काचेच्या नळ्यांच्या रंगीत पाट्या पाहिल्या अन् नाक मुरडत परतला. "त्या नळीत एकदा लिहिलं का जन्मभर तेच! मले रोज नवं लिहायचं हाय, मास्तर." मग त्यानं पत्र्याची पेटी करून दुकानावर उंच टांगली. आत चार बल्ब, पुढं खाचा, अन् पत्र्यात कापलेली अक्षरं त्या खाचांत सरकवायची. सकाळी 'ताजी मेथी आली', दुपारी 'आज पारावर भजन'. सारा बाजार आपापली ओळ घेऊन त्याच्याकडं यायचा. दिवेलागणीची ओळ मात्र माझी एकट्याची : 'चहा ठेव'. मी स्टोव्ह पेटवला की हा हजर!

या पावसाळ्यात पेटीच्या उजेडाला किडे आले, ते थेट माझ्या दुकानात. पंधरा ऑगस्टसाठी शिवलेल्या हेडमास्तरांच्या पांढऱ्या कोटावर चिरडले, डाग पडले. मी भर रस्त्यात ओरडलो, "बंद कर बे तुझा तमाशा!" त्यानं बटण दाबून पेटी विझवली. दीड महिना पेटी अंधारी अन् आम्ही अबोल. चूक माझीच होती हो, पण ताठ्याला काय औषध?

त्या दिवशी दिवेलागणीला पेटी अचानक उजळली. 'चहा ठेव'. मला वाटलं, खिजवतोय लेकाचा. स्टोव्हला हातही लावला नाही. घटकाभरानं किराणावाल्याची ती आरोळी आली.

तेराव्यानंतर शालिकच्या बायकोला, वहिनींना, त्या दिवसाचं विचारलं. म्हणाल्या, "सकाळपासून छातीत दुखून राह्यलं होतं त्याईच्या. तरी शिडीवर चढले. काऊन चढले, ते नाही सांगितलं, भाऊजी. अन् मले कुठं वाचता येते?"

म्हणजे तो समेट करत होता, की मला मदतीला बोलावत होता? की नुसता चहाच हवा होता त्याला? रोज वेगळं उत्तर पटतं, अन् सकाळी तेही खोटं वाटतं...

परवा वहिनींनी विचारलं, "अक्षरं काढून टाकू का?" मी म्हटलं, "राहू द्या." आता रोज दिवेलागणीला त्या बटण दाबतात. किडे येतात, माझ्या पांढऱ्या कापडावर बसतात. मी ते झटकतो, अन् चहा ठेवतो.