कपाळावर गंध नव्हतं

'होल्ड बॅक' हे इंग्रजी क्रियापद शिकवताना मी अर्थ सांगतो: आतून येणारं बाहेर पडू न देणं, अश्रू, राग, तोंडाशी आलेला शब्द आवरून धरणं. उपयोगासाठी एका शिपायाचं वाक्य देतो. तो जखमी आहे, पण अश्रू आवरून धरतो.

हे वाक्य मी अकोल्याच्या शाळेत असताना पाठ केलं. तेव्हा विलायतेला एकाएकी आपला कापूस हवा झाला होता. दर्यापूरकडून गाड्यांची रांगच्या रांग जुन्या शहरात येई. शिष्यवृत्तीच्या परीक्षेच्या आदल्या सकाळी त्या गाड्यांबरोबर वडील आले. गावात भिक्षुकी करणारा माणूस, पण कपाळावर गंध नव्हतं. मी नमस्काराला वाकलो, तसे ते मागे सरकले.

"राहू दे. परीक्षा झाल्यावर."

"आई कशी आहे?"

"तू अभ्यास कर."

खोलीत न येता ते गल्लीच्या तोंडाशी जाऊन बसले. दिवाळीला मी घरी गेलो नव्हतो, त्याचाच राग असेल असं वाटलं. दिवसभर खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती.

दुसऱ्या दिवशी पेपरात नेमकं तेच क्रियापद आलं. मी शिपायाचं वाक्य लिहिलं. बाहेर वडील कोरडं धोतर हातावर घेऊन उभे होते.

"मोर्णा नदीवर चाल. आंघोळ कर. तुही आई गेली. आज सहावा दिवस."

पाण्यात उभा राहून मी रडलो. आता सूतक मलाही लागलं होतं, एकमेकांना शिवायची अडचण उरली नव्हती. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

आदल्या दिवशी ते तिथे का बसले होते, हे पुढे गावच्या एका गाडीवानानं सांगितलं. ओळखीची गाडी दिसली की ते आडवे जात.

"काहून अडवता, महाराज?"

"पोराले काई सांगू नको. कानावर पडलं की त्याले सूतक लागते. मंग परीक्षा गेली."

शिष्यवृत्ती मिळाली. तिच्यामुळे मी मुंबईस शिकलो, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो. वडिलांचे हे उपकार फिटणारे नाहीत. तरी घरची माणसं एकमेकांना धरून रडत होती, त्या दिवसांत मी एकटा घोकत बसलो होतो, हे मनातून जात नाही.

अमरावतीच्या माझ्या वर्गात एखादा म्हणतो, "गुरुजी, आणखी एक वाक्य द्या ना."

मी फळा पुसतो आणि पुन्हा शिपायाचंच लिहितो.