पाणी जरा जास्तच चांगलं होतं

मीटरवर आकडा आला बेचाळीस. मी मीटर धुतलं, पुसलं, पुन्हा बुडवलं. तरी बेचाळीसच. माझं डोकं तडकलं, कारण याच पाण्याच्या चांगल्या रिपोर्टवर मी आदल्या दिवशी घाईत सही केली होती.

हा आकडा टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा. आमच्याकडच्या काळ्या खडकातल्या विहिरीचं पाणी, तेही दुष्काळात, इतकं खाली येतच नाही. बेचाळीस म्हणजे सरळसरळ फिल्टरचं, जारमधलं पाणी.

नमुना आणला होता सुधाकरभाऊंनी, टँकर भरतात त्या विहिरीचा म्हणून. आमच्या चर्चच्या मुलींच्या होस्टेलचं बोअर आटलं, तेव्हापासून हे गृहस्थ फुकट टँकर पाठवत होते. दर रविवारी चर्चमध्ये उभं राहून, डोळ्यांत पाणी आणून देवाच्या कृपेची साक्ष द्यायचे. आता त्यांना बायपासकडच्या नव्या कॉलन्यांना पाणी पुरवायचं काम हवं होतं. तिथं इमारती उभ्या राहिल्या, पाइपलाइन मात्र आली नव्हती. त्यासाठी चर्चचं पत्र हवं होतं, की आमच्या मुली हेच पाणी पितात. रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेब सही करणार होते.

तीस वर्षं लॅबमध्ये काढली. पिण्याच्या पाण्याचा नमुना पार्टीच्या हातून कधी घेतला नाही. आमचा माणूस जाऊन निर्जंतुक बाटलीत भरून आणतो. पण भाऊ म्हणाले, "ताई, प्रभूच्या कामाचं पाणी आहे," आणि मी बाटली ठेवून घेतली. गाढवपणा माझाच.

गुरुवारी सकाळी मी निर्जंतुक केलेली रिकामी बाटली घेऊन होस्टेलवर गेले. तिथं कळलं, पंधरा दिवसांपासून सात-आठ मुलींची पोटं बिघडली होती. वॉर्डन म्हणत होत्या, उन्हानं. मी टँकरच्या नळाखाली बाटली धरली आणि ड्रायव्हरला विचारलं, पाणी कुठून भरता.

"नाल्याकडंच्या विहिरीतून, बाई. पण ते बांधकामाचं हाय. पोरी पितेत व्हय?"

मी त्याच क्षणी ते पाणी पिणं बंद करायला लावलं आणि पाळकसाहेबांकडे गेले. ते भले माणूस, पण त्या दिवशी फार वैतागले.

"ताई, रडून प्रार्थना करणाऱ्या माणसावर संशय घेता?"

"साहेब, मी पाणी तपासते. रडणं तपासायचं काम तुमचं होतं."

जंतूंच्या तपासणीला वेळ लागतो, बाटलीला दमदाटी करून भागत नाही. शनिवारी निकाल आला. पाण्यात मैल्याचे जंतू होते. मी पहिला रिपोर्ट लेखी रद्द केला, चूक माझी म्हणून लिहिलं आणि तो कागद नव्या रिपोर्टसह पाळकसाहेबांच्या टेबलावर ठेवला. पत्रावर सही झाली नाही.

सुधाकरभाऊ भांडले नाहीत. माझ्यासाठी प्रार्थना करीन म्हणाले आणि पुढच्या रविवारपासून दुसऱ्या चर्चमध्ये साक्ष देऊ लागले. मुली आठवड्याभरात बऱ्या झाल्या. पण लांबच्या नळावरून घागरी आणताना त्या बोल मलाच लावत, की फुकटचा टँकर हिनं घालवला. कुणाकुणाला समजवावं!

पुढच्या उन्हाळ्यात पाळकसाहेबांचा फोन आला. टँकर देणारा एक नवा माणूस त्यांच्यासमोर बसला होता. साहेब हळूच म्हणाले, "ताई, जरा येऊन जा. माणूस लई गोड बोलतोय."