पगारेकाकांचा शिक्का

पगारेकाकांच्या ग्रुपवर कुणालाही विरोध करायला बंदी नव्हती, फक्त त्याआधी शिक्का लागायचा. म्हणजे असं, की समोरच्याचं म्हणणं आधी आपण आपल्या शब्दांत लिहायचं. ते वाचून त्याला पटलं, तर त्याने खाली 'शिक्का' असं लिहायचं. मग आपण हवं तसं तुटून पडायला मोकळे. 'आधी त्याचं मांड, मग आपलं भांड,' हे काकांचं पालुपद. मी ग्रुपवर नवीन होते तेव्हा मला वाटलं होतं, निवृत्त माणसाचा वेळ जात नाही, दुसरं काय.

काका ओझरच्या विमान कारखान्यात तपासणीवर होते. ज्याने बोल्ट आवळला त्याने स्वतःच शिक्का मारायचा नाही, दुसऱ्याने तपासून मारायचा, ही सवय त्यांच्या अंगात मुरलेली. मूळ गाव चांदवडकडचं, आणि शहरात इतकी वर्षं काढूनही बोलणं तिकडचंच राहिलेलं. जेल रोडला आमच्या कॉलनीत साठेक घरं आहेत. त्या सगळ्यांचा ग्रुप ते चालवत. एकदा कुत्र्यांना पोळ्या घालण्यावरून दोन शेजाऱ्यांची जुंपली आणि चार दिवस ते एकमेकांचं म्हणणं लिहीत बसले. शिक्का मिळेपर्यंत दोघांचा जोर ओसरला आणि पोळ्या कुठे घालायच्या तेही ठरून गेलं. मी मात्र मनातून या प्रकाराला हसतच होते.

मग कॉलनीतल्या मोकळ्या भूखंडाचा विषय निघाला. मी आमच्या भजनी मंडळाची चिटणीस. वर्षानुवर्षं आम्ही कुणाच्या ना कुणाच्या पार्किंगमध्ये सतरंजी टाकून बसायचो, त्यामुळे त्या जागेवर मंडप व्हावा असं आम्हाला वाटत होतं. माझ्या खालच्या मजल्यावर कविता राहते. तिची मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती आणि कविताला तिथे अभ्यासिका हवी होती. ग्रुपवर हे लिहायला ती घाबरत होती. काकांनी तिला माझ्यादेखतच धीर दिला होता, 'लिही तू बिनधास्त. इथलं इथंच राहातं, माझा शब्द हाय.'

तिने दोन निरोप टाकले. पहिल्यात लिहिलं होतं, की भजनाला तिचा विरोध नाही, तिची आईही भजनाला जाते. दुसरा निरोप असा होता, 'स्पीकरवरच्या भजनांनी पोरींचं डोकं उठतं. मंडप नकोच.' माझं टाळकंच फिरलं. शिक्का वगैरे गेलं खड्ड्यात, असं म्हणत मी फोनवरच्या त्या निरोपांचा फोटो काढला, त्यातला पहिला कापून टाकला आणि तो तुकडा आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर पाठवून दिला. बायका दोन-चार शब्द बोलतील, माझा राग शांत होईल, एवढाच हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच तुकडा मला माझ्या भाच्याकडून आला. तो नाशिकच्या दुसऱ्या टोकाला राहतो. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं ते इथे सांगण्यासारखं नाही. एकाने विचारलं होतं, ही बाई राहते कुठे? आणि कुणीतरी आमच्या इमारतीचं नाव आणि तळमजला, दोन्ही लिहून ठेवलं होतं. मी खिडकीशी धावले. खाली कविताच्या घराच्या खिडक्या भर सकाळी बंद होत्या.

कॉलनीच्या ग्रुपवर एकच गिल्ला झाला. ग्रुप बंद करा, फक्त काकांनाच लिहिता येईल असं करा, असं जो तो सांगू लागला. काकांनी एवढंच लिहिलं, 'कुलूप लावल्यानं बोलणं थांबत नाय. आपल्याला ऐकू येणं थांबतं.' तासाभराने ते माझ्या दारात उभे होते.

मी चहा विचारला. नको म्हणाले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. त्यांनी मोबाइलवर तो तुकडा माझ्यासमोर धरला. वर कविताचं नाव दिसत होतं, माझ्या फोनमध्ये मी जसं ठेवलं होतं तसं, 'कविता मिक्सर'. गेल्या दिवाळीला तिने चकलीची भाजणी दळायला माझा मिक्सर मागवून घेतला होता, तेव्हा ओळखायला बरं म्हणून मीच ते लिहिलं होतं. फोटो कापताना निरोप कापला, नाव तसंच राहिलं. दिवाळीत तो मिक्सर माझ्याकडून तिच्याकडे नेऊन देणारे काकाच होते.

'मी कुणाला सांगणार नाय,' ते म्हणाले. 'पण शब्द मी दिला होता, ताई. माझ्या शब्दावर ती पोर बोलली.'

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मलाही भांडता आलं असतं. मी म्हटलं, कबूल केलं तर मंडळातल्या बायका मला दारात उभं करणार नाहीत, आणि आता ते पसरलंय, त्याचं मी काय करू? त्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की कविताचं म्हणणं मी अजून एकदा तरी मांडलंय का? ते उठले, आणि जिन्यातली प्लॅस्टिकची खुर्ची त्यांनी खाली ओढत नेल्याचा आवाज मला ऐकू आला.

मी खिडकीतून पाहिलं तर काका फाटकात खुर्ची टाकून बसले होते. रक्तदाबाची गोळी घेणारा सत्तरीचा माणूस, भर उन्हात. त्यांना तसं बघून माझी मला लाज वाटली. मी फोन घेतला. कविताचे दोन्ही निरोप होते तसे टाकले, खाली तिचं म्हणणं माझ्या शब्दांत लिहिलं आणि शेवटी लिहिलं, की पहिला निरोप मी, सुनंदाने, रागाच्या भरात कापला. कॉलनीच्या ग्रुपवर, मंडळाच्या ग्रुपवर, भाच्याला, जिथे जिथे तो तुकडा गेल्याचं कळलं तिथे तिथे पाठवत राहिले.

दुपारी तीन मोटारसायकली आल्या. सहाजण होते. त्या बाईला बाहेर बोलवा, म्हणाले. मी जिन्यात कठड्याआडच उभी राहिले, खरं सांगते. काका खुर्चीतून उठले नाहीत. माझा निरोप उघडून त्यांनी मोबाइल पुढच्या माणसाच्या हातात दिला.

'मोठ्यानं वाच,' ते म्हणाले. 'पुरं वाच. मग मीच बोलावतो तिला.'

तो आधी हसला. मग वाचायला लागला. 'माझी आईही भजनाला जाते' इथवर आला तेव्हा त्याचा आवाज उतरला. तेवढ्यात मी कशीबशी खाली आले आणि म्हटलं, सुनंदा मीच. ते माझ्याकडे बघत राहिले. एकजण माझ्या तोंडावर काहीतरी घाण बोलला. मग मोटारसायकली सुरू झाल्या आणि ते गेले. काकांना पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना. मीच ते उघडून दिलं.

कविताने माझ्या निरोपाखाली शिक्का लिहिला नाही. संध्याकाळी मी तिच्या दाराशी गेले, तर दार न उघडता आतूनच म्हणाली, 'बरोबर लिहिलंय ताई, पण आत्ता नाही.' मी काकांना म्हटलं, तुम्ही सांगून बघा ना. ते म्हणाले, 'दटावून शिक्का मारून घेतला, की विमान पडतं.'

त्यानंतर आठ महिने तिने ग्रुपवर अवाक्षर लिहिलं नाही. मंडळाचं चिटणीसपद माझ्याकडून गेलं, त्याचं फार वाटलं नाही. काका मात्र दर रविवारी भूखंडाचा विषय काढत, लोकांना बोलतं करत आणि शेवटी विचारत, 'अजून कुणाचं राहिलंय का?' कुणाचं राहिलंय ते सगळ्यांना ठाऊक होतं.

काका गेले ते झोपेतच. त्यांचं दहावं झाल्यानंतरच्या रविवारी तो प्रश्न विचारायला कुणी नव्हतं. ग्रुपवर सकाळपासून शांतता होती. मीही हातात फोन घेऊन नुसती बसले होते. आणि खालून कविताचा निरोप आला, सगळ्यांसमोर, माझं नाव घेऊन.

'सुनंदाताई, मंडप मला अजूनही नकोच आहे. कारणं लिहिते, पाच मिनिटं थांबा.'

मी थांबले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला एवढंच वाटत होतं, की बाई माझ्याशी भांडते आहे आणि हे बघायला काका हवे होते.