धाकटीची आंघोळ

माझी धाकटी बहीण उत्तर ध्रुवाच्या बाजूला बर्फातून स्कीवर चालत होती, तेव्हा मी खोडाळ्याच्या शाळेत चौथीला भागाकार शिकवत होते. ती परत आली, जव्हारला तिचा सत्कार झाला. मी पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या आणि आतून जळत राहिले.

आम्ही दोघी जामसरच्या. कडा चढायला शिकवणारं शिबिर झालं तेव्हा दोघीही गेलो होतो आणि चढण्यात मी तिच्यापेक्षा सरस होते. पुढे मला नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. ती मात्र लोकांना डोंगर चढवायचं काम करत राहिली, आणि एक दिवस ध्रुवाकडे जाणाऱ्या बायकांच्या तुकडीत तिची निवड झाली. तिनं फोन करून सांगितलं. मी "छान" म्हणाले आणि फोन ठेवला.

सत्कारात ती तिथले हाल सांगत होती. पाणी हवं तर बर्फ वितळवायचं. ओले मोजे पोटावर ठेवून वाळवायचे. बाटली कुशीत घेऊन झोपायचं, नाहीतर सकाळी तिचा दगड झालेला. आडोशाला जायचं तर वाऱ्याकडे पाठ करून, घाईघाईनं. आणि आंघोळ नाहीच.

"आंग नाय धुतलं? इतकं दिस?" शेजारी बसलेली आई पुटपुटली. तिला तेवढंच लागलं.

मला वाटलं, त्यात काय? उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की आम्हीही तांब्याभर पाण्यात भागवलंय. आम्हाला कुणी शाल घातली नाही. पण हा राग खोटा होता, हे मलाही कळत होतं. ते ओले मोजे मला माझ्या पोटावर हवे होते.

सत्कारानंतर ती माझ्याकडे खोडाळ्याला आली. दारातच म्हणाली, "ताई, आधी गरम पाणी."

मी मागच्या अंगणात चूल पेटवली. एक बादली संपली की ती मोरीतून हाक मारायची, मी दुसरी नेऊन द्यायचे. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि इतकी सुखावलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. जेवायला बसल्यावर तिनं नागलीची भाकरी मोडली, आधी नाकाशी धरली, मग खाल्ली. मी तर रोज तेच पाणी अंगावर घेत होते, तीच भाकरी खात होते. मला त्यात कधी काही वाटलं नव्हतं. माझ्याच घरातलं सुख माझ्यापेक्षा तिला जास्त मिळत होतं, आणि ते मला सहन होईना.

"मला तुझा हेवा वाटतो," मी बोलून टाकलं. "सगळ्याचाच. त्या थंडीचासुद्धा."

ती हसली नाही. तिनं पाय पुढे केला. करंगळीचं टोक थंडीनं गेलं होतं, तिथली कातडी गुळगुळीत, चकचकीत झाली होती.

"याचाही?"

मी नीट बघितलं. "हो. याचाही."

तिनं भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला आणि म्हणाली, "तंबूत पडले की मला तुझं घर दिसायचं. तू आणि पोरगी जेवायला बसलेल्या. मला कुठं घर आहे, ताई? बॅगा आहेत. रडायला यायचं, पण रडलं की पापण्या गोठून चिकटायच्या."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिचं रडणंही माझ्या रडण्यापेक्षा मोठं वाटलं.

"दिवाळीनंतर कड्यावर चल," ती म्हणाली. "पोरीला आई बघेल."

मी गेले. खाली दोर तिच्या हातात होता. अर्ध्यावर माझी पकड सुटायला लागली, कोपरं सोलवटली, आणि मीच तिला म्हणाले, खाली घे. तिनं हळूहळू खाली घेतलं. परतीच्या एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. मी जागी होते. अर्धाच कडा चढले होते, तरी अंग छान दुखत होतं.

यंदा ती दक्षिण ध्रुवावर निघाली आहे. फोन आला तेव्हा मी खरं तेच सांगितलं, "आत्ता मला तुझ्याशी बोलवणार नाही. उद्या करते."

दुसऱ्या दिवशी केला. सोबत काय नेणार, काय इथंच ठेवून जाणार, ते एकेक करत सगळं विचारून घेतलं.